रेषा आधी की रंग आधी : मेणवलीच्या घाटावरचा एक वाद

उघड्यावर बसून समोर दिसणाऱ्या स्थळाचे चित्र तेथल्या तेथे काढण्याला कलामहाविद्यालयांतील विद्यार्थी ‘आउटडोअर’ किंवा ‘लँडस्केपला जाणे’ म्हणतात, तर ग्रंथांत त्यासाठी स्थळचित्रण किंवा निसर्गचित्रण हे शब्द योजलेले आढळतात. या चित्रणाचा जो प्रकार आज हौशी मंडळींत वारंवार दिसतो, त्यात आधी पेनाने रेखाटन करून त्यावर जलरंगाचे पातळ, पारदर्शक थर दिले जातात. अशा थराला चित्रकार ‘वॉश’ म्हणतात, आणि हे सारे काम मांडीवर मावणाऱ्या वहीत, तास-दोन तासांत उरकलेले असते. साहित्य थोडे, खर्च बेताचा आणि शिकवणीची सक्ती नाही, म्हणून हा छंद सोपा समजला जातो. मात्र जलरंगाच्या जुन्या परंपरेत वाढलेल्या चित्रकारांना त्यातली पेनाची रेषाच खटकते, आणि हे खटकणे केवळ सवयीतून आले आहे की त्यामागे काही तत्त्व आहे, याचा निवाडा सहसा कोणी करीत नाही.

भारतीय शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण ताकदीनिशी मांडण्याची रीत आहे. त्या मांडणीला पूर्वपक्ष आणि तिच्या उत्तराला उत्तरपक्ष म्हणतात. पुढील विवेचनात त्याच धर्तीवर दोन बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. पहिले कलाध्यापक, ज्यांनी कलामहाविद्यालयात दीर्घकाळ निसर्गचित्रण शिकवले आणि ज्यांच्या हातात चित्रस्थळी शिसपेन्सिल व ब्रश यांखेरीज तिसरे हत्यार कधी दिसत नाही. दुसरी व्यक्ती म्हणजे बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई, ज्या रविवारी चित्रवही घेऊन बाहेर पडतात आणि ज्यांना येथे वहीकार म्हटले आहे. वादाचे ठिकाण वाईजवळचे मेणवली हे गाव आहे. तेथे नाना फडणवीसांचा वाडा, वाड्याच्या मागे कृष्णेवर उतरत गेलेला काळ्या दगडाचा घाट, घाटावरची देवळे आणि वसईच्या १७३९ मधील विजयानंतर इकडे आली असे मानली जाणारी मोठी पोर्तुगीज घंटा एवढा ऐवज एकाच नजरेच्या टप्प्यात येतो, आणि त्यामुळे ब्रशवाले व पेनवाले दोघेही तेथे हमखास भेटतात. (‘स्वदेस’ या २००४ मधील चित्रपटात हा घाट दिसल्यापासून तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांचीही भर पडली आहे, पण त्यांचा पक्ष येथे विचारात घेतलेला नाही.)

कलाध्यापक : ताई, या घाटाकडे नीट पाहून सांगा, यात रेषा कोठे आहे? पायरीचा सपाट भाग उन्हात उजळला आहे, तिची उभी बाजू सावलीत गेली आहे, आणि उजेड व सावली जेथे भिडतात तेथे डोळ्याला एक कड जाणवते. परंतु ती कड काळ्या दोऱ्यासारखी पायरीवर शिवलेली नाही. जॉन रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाचे ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक १८५७ साली, म्हणजे मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्यात त्याने असे प्रतिपादन केले की डोळ्याला मुळात फक्त वेगवेगळ्या रंगांचे कमीअधिक गडद तुकडे दिसतात, आणि ही पायरी, हा खांब, ही नदी असे नामकरण बुद्धी मागाहून करते. पेन हाती घेणारा मनुष्य आधी ते नामकरण कागदावर उतरवतो आणि मग त्या नावांच्या आत रंग भरतो, म्हणजे पाहण्याचे काम सुरू होण्यापूर्वीच तो ते संपवून टाकतो.

वहीकार : सर, रस्किनचा दाखला आपणच दिलात हे बरे झाले, कारण त्याच पुस्तकातला पहिला अभ्यास पेनाचा आहे. कागदावर एक चौकोन आखून तो बारीक टाकाच्या रेघांनी इतका एकसारखा भरावा की सर्वत्र सारखीच करडी छटा दिसेल, असे काम तो नवशिक्याला सर्वांत आधी देतो. रंगपेटी पुष्कळ नंतर येते. डोळ्याला तुकडेच दिसतात असे मानणाऱ्या माणसालाही हाताला शिस्त लावण्यासाठी टाकच घ्यावासा वाटला, यातून काय अनुमान काढायचे?

येथे दोन्ही पक्षांनी पुस्तक नीट वाचलेले आहे, पण दोघांनी आपल्या सोयीचे पान उघडले आहे. रस्किनच्या त्या अभ्यासात पेनाचे काम वस्तूला कुंपण घालण्याचे नाही. रेघांच्या दाटीतून छटा उभी करण्याचे आहे. छटा म्हणजे रंगाचा प्रकार बाजूला ठेवून केवळ त्याचा उजळपणा किंवा गडदपणा. चित्रकार तिला ‘टोन’ किंवा ‘व्हॅल्यू’ म्हणतात. म्हणून कलाध्यापकांचा आक्षेप पेन या साधनाला लागू पडत नाही, बाह्यरेषेच्या सवयीला मात्र तो पुरेपूर लागू पडतो, आणि हौशी वह्यांतील पुष्कळशी पाने चाळली तर ही सवय किती घट्ट आहे ते कळून येते : दगड, पान, ढग आणि माणूस या सर्वांभोवती एकाच जाडीची, एकाच दाबाची रेषा फिरलेली असते आणि तिच्या आत रंग असा काळजीपूर्वक कोंडलेला असतो की जणू बाहेर सांडला तर दंड होणार आहे.

वहीकार : ही खोड पुष्कळांना आहे हे मान्य करावे लागेल. तथापि तिचे मूळ पेनात शोधण्याऐवजी रंगाच्या भीतीत शोधायला हवे. रेषा एकदा पक्की झाली की रंगाला वस्तूच्या कडांची राखण करावी लागत नाही. तो कडेच्या बाहेर जाऊ शकतो, अर्ध्यावर थांबू शकतो, तीन पायऱ्यांवरून एकच वॉश बेधडक ओढता येतो, कारण पायऱ्या वेगळ्या आहेत हे रेषेने आधीच सांगून ठेवलेले असते. केवळ ब्रशने काम करणाऱ्याला मात्र प्रत्येक कड रंगानेच सांभाळावी लागते, आणि उन्हात बसून ते साधणे हे वर्षानुवर्षे सराव केलेल्यांचे काम आहे. नवशिक्याने पहिली दहा वर्षे फक्त चिखल करावा, अशी तर आपली इच्छा नसेल?

कलाध्यापक : चिखल करण्यातूनच तो शिकतो, असे उत्तर कठोर वाटेल, पण त्यात तथ्य आहे. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. त्यात पाणी मिसळले की रंग कागदावर स्वतःच्या कलाने पसरतो, आणि चित्रकाराने त्या कलाला वळण लावायचे असते. हा घाट काळ्या दगडाचा आहे, म्हणून हौशी माणूस पेटीतला काळा रंग उचलतो आणि दगड मरून जातो. त्याऐवजी अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा भाजक्या विटेसारखा तांबूस रंग ओल्या कागदावर एकमेकांत उतरू दिले, तर त्यांतून कोठे थंड, कोठे उबदार असा करडा तयार होतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दगडाचा पोत आपोआप उमटतो. याला ‘दाणेदार बसणे’ म्हणतात. जेथे निसर्गानेच दगडाचा पोत देऊ केला आहे तेथे पेनाने ठिपके आणि रेघोट्या मारून तो पुन्हा काढणे ही दुबार मेहनत आहे.

या मुद्द्यावर कलाध्यापकांचे पारडे जड आहे, असे म्हणणे भाग आहे. पेन आणि जलरंग यांचा जोड बिघडतो तो बहुधा याच ठिकाणी, जेव्हा दोघेही एकच गोष्ट सांगू लागतात. रेषेने पोत सांगितला असेल तर रंगाने फक्त उजेड सांगावा, आणि रंगाने पोत सांगितला असेल तर रेषेने तेथून काढता पाय घ्यावा, एवढी वाटणी जमली तरी निम्मे काम होते. परंतु वहीकारांच्या बहुतेक पानांवर भिंतीची प्रत्येक वीट आधी आखलेली आणि मग रंगवलेली सापडते.

साहित्याचा प्रश्न इतका वादग्रस्त नाही, तरी त्यातील एक बाब समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. सर्वसाधारण फाउंटन पेनाची शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंजकाची असते, आणि तिच्यावर ओला ब्रश फिरताच ती पसरते. टिकाऊ रेषेसाठी रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असलेली जलरोधक शाई लागते, आणि साकुरासारख्या कंपन्यांचे बारीक टोकाचे पेन याच शाईवर चालतात. लाखेचा अंश असलेली जुनी ‘इंडिया इंक’ही पाण्याला दाद देत नाही, मात्र ती फाउंटन पेनात भरली तर आत सुकून त्याची वाट कायमची बंद करते. कागद शक्यतो ३०० ग्रॅम वजनाचा घ्यावा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन तेवढे भरावे. त्याहून फारच पातळ कागद पहिल्याच ओल्या वॉशला फुगून वाकडा होतो. कागदाला दिलेल्या खळीमुळे पाणी लगेच आत मुरत नाही, पण त्याच खळीमुळे शाईही वर रेंगाळते, आणि जलरोधक म्हणून घेतलेली रेषा घाईने रंगवल्यास फिसकटते. जाता जाता एक गंमत नोंदवण्याजोगी आहे : ज्या कॅमलिनच्या रंगपेट्यांवर महाराष्ट्रातील शाळकरी मुलांच्या पिढ्या वाढल्या, त्या उद्योगाची सुरुवात दांडेकर बंधूंनी १९३१ साली केली ती शाईने, तेथे तरी रेषेचे साहित्य आधी आणि रंगाचे मागाहून आले.

वहीकार : सर, आपण रंगाच्या स्वभावाविषयी बोललात, वेळेविषयी बोलला नाहीत. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे सकाळी आठला सावली मांडली तर दहापर्यंत सूर्य ३० अंश पुढे गेलेला असतो. एवढ्या वेळात केवळ रंगाने चित्र उभे करायचे तर पहिला थर सुकण्याची वाट पाहण्यातच सावली हातची जाते. पेनाने मात्र पंधरा मिनिटांत सावलीच्या कडा पकडता येतात, आणि पुढे ऊन कसेही फिरले तरी कागदावरची वेळ तीच राहते.

कलाध्यापक : सावलीच्या कडा शिसपेन्सिलीनेही पकडता येतात, आणि रंगाखाली ती दिसेनाशी होते. पण वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि त्यात इंग्रजी पुस्तकांनी आपल्याकडच्या हौशी लोकांची फसगत केली आहे. त्या पुस्तकांतला संध्याकाळचा तिरपा उजेड उन्हाळ्यात कितीतरी वेळ रेंगाळतो. वाईला सूर्य झपाट्याने खाली जातो आणि संधिप्रकाश पाहता पाहता संपतो. मे महिन्याच्या मध्याला तर सूर्य येथे भरदुपारी नेमका डोक्यावर येतो, ज्याला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. त्या सुमाराला अकरा ते दोनच्या दरम्यान घाट पिठूळ पांढरा पडतो, खोली नाहीशी होते, आणि त्यावेळी काढलेले चित्र पेनाचे असो की ब्रशचे, सपाटच होते. पुन्हा, एप्रिलच्या उन्हात दगडावर ठेवलेला कागद इतका तापतो की ‘ओल्यावर ओले’, म्हणजे ओल्या थरातच दुसरा रंग सोडण्याची रीत, साधतच नाही, तर जुलैत तोच थर अर्धा तास ओला राहतो. म्हणून येथल्या चित्रकाराने घड्याळ आणि पंचांग दोन्ही पाहून बाहेर पडावे. कोणत्या क्रमाने काम करावे हे ऋतू ठरवतो.

वहीकार : म्हणजे क्रम ठरीव नाही, हे आपण मान्य केलेत.

कलाध्यापक : क्रम ठरीव नाही, पण हेतू ठरीव आहे. उजेड पकडण्यासाठी बाहेर पडायचे.

कलाध्यापकांचे हे विधान त्यांच्या परंपरेतही निर्विवाद नाही. जलरंगाचा मानदंड मानला जाणारा इंग्रज चित्रकार टर्नर १८१९ साली इटलीत गेला असता उघड्यावर रंगवण्यास नाखूश होता, कारण एक रंगीत चित्र होईपर्यंत पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटने होतात असा त्याचा हिशोब होता. उजेडाचा हा थोर चित्रकार स्थळावर बव्हंशी रेषाच गोळा करीत असे आणि उजेड स्मरणातून उभा करीत असे. एडवर्ड लिअर हा इंग्रज चित्रकार १८७३ ते १८७५ या काळात हिंदुस्थानात फिरला, तेव्हा तो जागेवर पेन्सिलीने काढून रंगांची नावे तेथेच लिहून ठेवी, आणि त्या रेघा शाईने पक्क्या करून त्यांवर रंग देण्याचे काम मागाहून निवांतपणे करी. याउलट देलाक्रवा हा फ्रेंच चित्रकार १८३२ साली मोरोक्कोत गेला असताना त्याच्या वह्यांत रेषा, रंगाचे पुसट वॉश आणि हस्ताक्षरातील टिपणे एकाच पानावर शेजारी शेजारी नांदताना दिसतात. चित्रवहीला घराणे शोधायचेच असेल तर ते देलाक्रवाच्या या पानांत आहे, टर्नरच्या प्रदर्शनीय जलरंगांत नाही.

महाराष्ट्रातही शोध घेता येतो. पेशव्यांच्या दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याचे गंगाराम तांबट लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील प्राण्यांची चित्रे काढत होते. हा काळ सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचा, म्हणजे मेणवलीच्या वाड्याचा. तांबटांना चित्रे काढायची होती ती समोर जे आहे ते नेमके कळावे म्हणून. खांब किती, त्यांच्यावर कोरीवकाम कोणते, गेंड्याच्या कातड्याला घड्या कोठे पडतात, हे त्यांत महत्त्वाचे होते. मराठी मुलखातील स्थळचित्रणाच्या आरंभी अशी नोंद करणारी नजर उभी आहे, आणि जे. जे.मधून आलेला निसर्गचित्रणाचा अभ्यास तिच्यानंतर काही दशकांनी सुरू होतो. वहीकारांनी हा दाखला दिला नाही, तरी तो त्यांच्या बाजूने पडतो.

वहीकार : वाड्यात लाकडी खांब आहेत, खांबांवर तुळई पेलणारे हस्त आहेत, हस्तांच्या टोकाला केळफूल लोंबते. ते पेनाने काढायला घेतले की पाकळ्या मोजाव्या लागतात, तुळईवर काय टेकले आहे आणि तुळई कशावर टेकली आहे हे समजून घ्यावे लागते, कारण न समजता ओढलेली रेषा लगेच खोटी दिसते. पुण्यातले जुने वाडे एकेक करून पाडले जात असताना कोणी तरी त्यांची जिन्यापासून दिंडी दरवाज्यापर्यंत रेखाटने करून ठेवली, तर त्यात रंगाची हळुवार छटा चुकली म्हणून काय बिघडते?

कलाध्यापक : नोंदच करायची तर कॅमेरा अधिक अचूक आहे आणि मोजणीदाराची टेप त्याहून अचूक आहे. चित्राकडे लोक जातात ते दुसऱ्या कशासाठी तरी. आणि नोंदीच्या नावाखाली या छंदात एक दोष शिरला आहे, जो तुम्हाला कटू वाटेल. चित्रकार अबालाल रहिमान यांनी जे. जे.त शिक्षण घेतले, ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा असा कोल्हापूरचाच परिसर पुनःपुन्हा रंगवत राहिले. एकाच पाण्यावर सकाळ कशी येते आणि दुपार कशी उतरते, हे त्यामुळे त्यांना कळले. वहीकारांना मात्र दर रविवारी नवे ठिकाण हवे असते. या रविवारी मेणवली, पुढच्या रविवारी तुळशीबाग, त्यापुढे एखादा किल्ला. वही भरते, पण एकाही जागेशी ओळख होत नाही. मेणवलीच्या घाटावर तुम्ही किती वेळा बसलात, हे विचारू का?

वहीकार : विचारू नका, सर. उत्तर आपल्या बाजूचे आहे.

संपूर्ण वादात पूर्वपक्षाचा हा सर्वांत खोल वार आहे आणि त्याला उत्तरपक्षाकडे पुरेसे उत्तर नाही. छंद टिकतो तो नावीन्यावर, आणि अभ्यास टिकतो तो पुनरावृत्तीवर. पर्यटनाने या दोहोंतील पहिल्यालाच इतके खतपाणी घातले आहे की चित्रवही पुष्कळदा प्रवासाच्या शिक्क्यांचे पुस्तक बनते. मात्र यातही एक भेद करायला हवा. ज्याला आठवड्यातून एकच सकाळ मिळते त्याच्यासाठी पुनरावृत्तीचे ठिकाण दूरचा घाट असण्याची गरज नाही. घराच्या गच्चीवरून दिसणारी पाण्याची टाकी, समोरच्या चाळीचा जिना किंवा गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली चहाची टपरी हेच त्याचे कोटितीर्थ होऊ शकते, आणि पेन खिशात राहत असल्यामुळे या कामी ते रंगपेटीहून सोयीचे आहे. नाशिकच्या गोदाघाटावर तेथल्या चित्रकारांच्या पिढ्या ज्या सहजतेने पुन्हा पुन्हा बसल्या, तिचे एक कारण घाट घराजवळ होता हेही आहे.

गटाने चित्रे काढण्याविषयी दोघांत मतभेद आहेत, पण ते लवकर आटोपतात. स्पेनमध्ये जन्मलेले आणि सिएटलमध्ये तेव्हा वृत्तपत्रासाठी काम करणारे पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ साली ‘अर्बन स्केचर्स’ ही चळवळ सुरू केली. प्रत्यक्ष जागेवर पाहून काढावे, आपला परिसर आणि प्रवास चित्रांतून सांगावा, दिसले त्याच्याशी प्रामाणिक राहावे, कोणतेही माध्यम चालेल, आणि एकत्र बसून एकमेकांना साथ द्यावी, अशा आशयाचा तिचा जाहीरनामा आहे. तिच्या धर्तीवर भारतातील शहरांतही रविवारी गट जमतात, आणि शेवटी सर्वांच्या वह्या जमिनीवर मांडून पाहण्याची पद्धत आहे. कलाध्यापकांचे म्हणणे असे की तेथे फक्त वाहवा होते, चूक कोणी दाखवत नाही, आणि कलाशाळेत ज्याला चिकित्सा म्हणतात तिचा तेथे मागमूस नसतो.

वहीकार : चूक दाखवणारे कमी आहेत हे खरे. पण एकट्या बाईने नदीकाठी दोन तास मान खाली घालून बसणे म्हणजे काय, हे ज्यांना कधी करावे लागले नाही, त्यांनी गटाची किंमत वाहवेवरून ठरवू नये. गट असला की पाठीमागे कोण उभे आहे याची काळजी राहत नाही, आणि डोळे समोर राहतात.

याला कलाध्यापकांनी उत्तर दिले नाही, आणि देण्यासारखे होतेही काय?

जाहीरनाम्यातील प्रामाणिकपणाच्या कलमावर मात्र वाद पुन्हा पेटतो. कारण मेणवलीचा घाट आज केवळ दगडाचा उरलेला नाही. पायऱ्यांच्या वरच्या अंगाला विजेचा खांब येतो, त्याच्या तारा देवळाच्या शिखरावरून आडव्या जातात, कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स भडक गुलाबी रंगात बांधलेला असतो, आणि नदीत कपडे धुणाऱ्या बायांच्या शेजारी मोटारसायकल धुणारा तरुण उभा असतो.

कलाध्यापक : चित्रात काय ठेवायचे आणि काय गाळायचे यालाच रचना म्हणतात. शिखराची टोकदार आकृती आकाशावर स्वच्छ उठावी यासाठी तारा गाळल्या तर त्यात खोटेपणा नाही. कविता लिहिणाराही रस्त्यावरचा प्रत्येक आवाज कवितेत घालत नाही. तो फ्लेक्स तर महिन्याभरात उतरेल. घाट अडीचशे वर्षांचा आहे आणि चित्र घाटाचे आहे.

वहीकार : आवाज गाळावेत, पण कोणते गाळले हे ठरवताना दर वेळी जुनेच का राखले जाते? मेणवलीचे जलरंग पाहिले तर असे वाटेल की या गावात अजून वीज आलेली नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी गोव्यातली घरे काढली तेव्हा बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, रस्त्यातली कुत्री, चर्चच्या पायरीवर गप्पा मारणाऱ्या बाया आणि उभी केलेली दुचाकी सगळे पेनाच्या रेषेत आले, आणि त्यामुळेच ती घरे राहती वाटतात. रंगाचा वॉश तारेला गिळून टाकतो, म्हणून ब्रशवाल्यांना ती गाळणे सोपे जाते. पेनाला तार काढायला एक झटका पुरतो. काय दिसते आणि काय दिसत नाही, हे थोडेफार साधनच ठरवत असते, सर.

साधनाविषयीचा हा मुद्दा रस्किनपासून सुरू झालेल्या वादाला नवे वळण देतो, आणि प्रस्तुत लेखाच्या मते वहीकारांच्या बाजूचे हे सर्वांत सबळ म्हणणे आहे. पेन आणि ब्रश यांत कोण श्रेष्ठ हा प्रश्न दोघांनी बराच वेळ चघळला, परंतु दोन्ही साधने जगाच्या वेगवेगळ्या वस्तूंकडे ओढ घेतात : ब्रश आकाश, पाणी, भिंत, धूळ आणि ऊन यांच्याकडे वळतो, तर पेन तार, जिना, पाटी, खिडकीचे गज आणि माणसे यांच्याकडे. केवळ ब्रशने काढलेला घाट त्यामुळे आपोआप निर्मनुष्य आणि प्राचीन होत जातो, आणि केवळ पेनाने काढलेला घाट गजबजलेला पण ऊन नसलेला राहतो. ही साधनांची ओढ ओळखणारा हौशी माणूस दोन्हींचा जोड का वापरतो याचे कारण त्याच्या आळसात शोधण्याची गरज पडत नाही. कलाध्यापकांनी हे विवेचन पूर्णपणे स्वीकारले नाही, पण विजेच्या खांबापुरती त्यांनी तडजोड केली.

कलाध्यापक : खांब राहू द्या. त्याची उभी रेषा पायऱ्यांच्या आडव्या पट्ट्यांना छेद देते आणि माणसाच्या उंचीचा अंदाजही देते, म्हणजे रचनेला तो उपयोगाचा आहे. ताराही दोन ठेवा, पण सलग ओढू नका. मध्ये पेन उचला, म्हणजे आकाशाला हवा राहील. फ्लेक्सचा मात्र नुसता गुलाबी वॉश द्या आणि पुढे जा. त्यावरची अक्षरे काढलीत तर पाहणारा ती वाचत बसेल आणि घंटेकडे कोणी बघणार नाही.

वहीकार : तारा तशा काढून पाहता येतील, सर. अक्षरे राहतील, त्यात वाढदिवसाची तारीख आहे.